डिस्कचे निम्मे पैसे परत यायचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेमच्या वाढत्या किमतींवर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला आणि त्यावरची तीन पत्रंही नंतर छापून आली. एका वाचकांचं म्हणणं, पाच हजारांचा गेम घेणाऱ्यानं महागाईच्या नावानं बोंब मारू नये. दुसऱ्यांनी हिशेब मांडला की अमेरिकेत तीस वर्षांपूर्वीही नवा गेम साठ डॉलरच्या घरात होता, म्हणजे महागाई धरली तर आज तो स्वस्तच झालाय. तिसऱ्या पत्रात ऑनलाइन रमीवर राग काढलेला होता. (लेखाशेजारी तुम्ही पत्त्यांचं चित्र छापलंत, तेव्हा त्यांना तरी काय दोष द्यायचा!) पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. त्याचा इथं काही संबंध नाही. एकदाच किंमत मोजून घ्यायचा आणि घरी बसून खेळायचा गेम, एवढ्यापुरतंच मी लिहितोय.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं दुकान आहे. आज तिथं मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि स्क्रीनगार्ड विकले जातात, पण पाटीवर अजून 'गेम्स' आहे. पुष्कळ वर्षं माझा मुख्य धंदा गेमच्या डिस्कचा होता. नवी विकायची, जुनी घ्यायची, बदलून द्यायची. हा धंदा नेटवरून गेम विकणाऱ्या डिजिटल स्टोअरनी खाल्ला, तेव्हा या भांडणात मी तिऱ्हाईत नाही हे आधीच सांगतो. वाचकांनी माझं म्हणणं त्या हिशेबानं तोलून घ्यावं.

तिन्ही पत्रांत आणि मूळ लेखातही एक गोष्ट सुटली आहे. गेमची किंमत म्हणजे बिलावरचा आकडा, असं सगळ्यांनी धरलंय. माझ्या काउंटरवर ती कधीच तशी नव्हती.

व्यवहार कसा व्हायचा ते सांगतो. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं मशिन, आला तेव्हा कंपनीच्या मोठ्या गेमची छापील किंमत ४,९९९ रुपयांवर गेली. 'डेमन्स सोल्स' हा त्यातला पहिल्या खेपेचा. एवढ्या किमतीचा गेम मी ४,६०० ला द्यायचो, मला दीड-दोनशे सुटायचे. मुलगा डिस्क घेऊन जायचा, महिन्याभरात गेम संपवून परत यायचा. मी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचो. आतून बाहेर गेलेला उभा ओरखडा बहुतेक वेळा चालतो, गोल फिरलेला ओरखडा घात करतो. या ब्ल्यू-रे जातीच्या डिस्कवर कडक थर असतो म्हणून ती सहसा खराब होत नाही, तरी डिस्क मशिनमध्ये घालून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा नियम. मग डबी बघायची. वरचं कव्हर जागेवर आहे का, आतली कोडची चिठ्ठी वापरलीय का, आणि रीजन कुठला. अमेरिकेहून कुणाच्या मावशीनं आणलेली डिस्क असेल तर भारतातल्या खात्यावर घेतलेला जादा भाग तिच्यावर चालत नाही, मग भाव पाडून मागायचा. "काका, तीन हजारात बसवा की," म्हणून पोरगं अडून बसायचं. पहिल्या महिन्यात मी तीन हजार द्यायचोही. तीच डिस्क साडेतीन हजारांना पुढे जायची, तिसऱ्याकडे जाताना अडीच हजारांना.

म्हणजे पहिल्या मुलाला गेम पडला सोळाशेला. ज्याला थांबता येत होतं त्याला त्याहून कमी. हॉस्टेलची पोरं तर आणखी हुशार. गडहिंग्लज, इचलकरंजी, सांगोला अशी कुठून कुठून आलेली चौघं वर्गणी काढायची, डिस्क खोलीखोलीतून फिरायची, सेमिस्टर संपताना माझ्याकडे परत यायची. प्रत्येकाच्या खिशातून जेमतेम सहा-सातशे रुपये गेलेले असायचे. बिलावर मात्र ४,६००च.

आता हाच गेम स्टोअरवरून डाउनलोड करा. किंमत तीच, ४,९९९. परत काय मिळणार? शून्य. मित्राला देता येत नाही, विकता येत नाही, बदलून घेता येत नाही. तेव्हा नवे गेम महाग झालेत का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: छापील किंमत हजारानं वाढली त्याचं मला फारसं वाटत नाही. खरी वाढ गुपचूप झाली. सोळाशेचा गेम पाच हजारांचा झाला आणि आकडा जिथल्या तिथं राहिला म्हणून कुणी ओरडलंही नाही. मोटारसायकल घेताना आपल्याकडे शोरूममध्येच रिसेल किती येईल ते विचारतात. तीच गाडी तेवढ्याच पैशांत, पण कधीच विकायची नाही या अटीवर कुणी देऊ केली, तर कोण घेईल?

मशिनच्या किमतीतही हेच आहे. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा डिस्कवालं मॉडेल ४९,९९० ला आणि बिनडिस्कचं ३९,९९० ला होतं. दहा हजार वाचले म्हणून पालक खूश. माझ्या हिशेबानं तीन-चार मोठे गेम घेतले की ते दहा हजार पार झाले, आणि त्यानंतर आयुष्यभर एकाच दुकानातून, ते सांगेल त्या भावानं घ्यायचं. गिऱ्हाइकाला मी हे समजावून सांगायचो. काहींना वाटायचं, दुकानदार आपलीच टिमकी वाजवतोय. वाजवत होतोच, पण हिशेब चुकीचा नव्हता.

साठ डॉलरवाल्या वाचकांना थोडं उत्तर द्यायला हवं, कारण त्यांचा मुद्दा खोटा नाही. नव्वदीत अमेरिकेत गेम साठ डॉलर किंवा त्याहून वरही विकले जात. पण त्या किमतीत चिप बसवलेली प्लॅस्टिकची कॅसेट असायची, आणि ती कॅसेट तिथली मुलं विकायची, भाड्यानं आणायची, एकमेकांना द्यायची. आपल्याकडे तर साठ डॉलर कुणी मोजलेच नाहीत. '९९९९ इन १' असं लिहिलेल्या कॅसेटवर आमची पिढी कॉन्ट्रा खेळली, आणि त्या नऊ हजारांतले वीस सोडून बाकीचे तेच तेच असायचे. पुढे शंभर रुपयांच्या कॉपी केलेल्या सीड्या आल्या. ओरिजिनल गेम म्हणजे काय हे कोल्हापुरात बऱ्याच जणांना उशिरानं कळलं. तेव्हा तीस वर्षांत स्वस्त झाला हे न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला सांगा. आमची तुलना आमच्या कालच्या डिस्कशी आहे.

गेम बनवणाऱ्यांची बाजूही मला दिसते. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१ कोटींच्या वर. अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून २०२३ मध्ये हे आकडे बाहेर आले. शेकडो माणसं चार-पाच वर्षं राबतात. आणि मी जुनी डिस्क तीनदा विकली, त्यातला एक पैसाही त्यांच्याकडे गेला नाही, हे कबूल. पण दुसरी बाजू अशी की माझ्याकडे नवा गेम पहिल्या दिवशी पूर्ण भावानं घेणारी पोरं आधीचा जुना विकूनच घेत होती. परत येणाऱ्या तीन हजारांच्या भरवशावर खिशात हात जायचा. तो भरवसा गेला तसा पहिल्या दिवशी घेणाराही गेला. आता सगळे सेलची वाट बघत बसतात.

स्टोअरवरच्या किमतीचा हिशेब एकदा उलगडून बघा. स्टीम या पीसीच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात 'एल्डन रिंग'चा भाव ३,५९९ होता. त्यातले साधारण ५४९ रुपये १८ टक्के जीएसटीचे. उरले ३,०५०. स्टीम सुरुवातीला ३० टक्के कापतं, म्हणजे ९१५. (विक्री एक कोटी डॉलरवर गेली की २५ टक्के, पाच कोटींवर गेली की २०. म्हणजे मोठ्याला सवलत आणि लहान्याला पूर्ण दर. हे गणित मला आजवर पटलेलं नाही.) प्रकाशक आणि बनवणारा यांच्या वाट्याला मग २,१३५. एपिक नावाचं दुसरं स्टोअर २०१८ पासून १२ टक्क्यांवर धंदा करतंय, म्हणजे ३० टक्के ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. डिस्क छापणं, डबी, वाहतूक, गोदाम, डिस्ट्रिब्युटर आणि माझ्यासारखा किरकोळ दुकानदार, एवढा सगळा खर्च वाचला. उलट दीडशे जीबीचा 'रेड डेड रिडेम्प्शन २' उतरवायचं नेटचं बिल गिऱ्हाईक भरतो. मग वाचलेले पैसे गेले कुठे?

किंमत कमी करता येते, याची उदाहरणं धंद्यातच आहेत. फिनलंडच्या रेमेडी कंपनीनं २०२३ मध्ये 'ॲलन वेक २' आधी डिस्कशिवायच आणला आणि सरळ सांगितलं की डिस्क नाही म्हणून कन्सोलवर ६० डॉलर आणि पीसीवर ५० डॉलर ठेवता आले. त्या वेळी मोठ्या गेमचा चालू भाव ७० होता. दुसरं उदाहरण निन्टेन्डोचं. या कंपनीचं ऑनलाइन स्टोअर भारतात नाहीच, पण ऐंशी डॉलरच्या 'मारिओ कार्ट वर्ल्ड'वरून २०२५ मध्ये जगभर गहजब झाला म्हणून नाव सगळ्यांना माहीत. त्याच गेमची जपानमधली किंमत बघा: कार्ट्रिज ९,९८० येन, डाउनलोड ८,९८० येन. घरच्या गिऱ्हाइकाला हजार येन कमी, कारण त्याला हातात काही मिळत नाही. युरोपातही असाच फरक ठेवला, अमेरिकेत मात्र तेव्हा दोन्ही सारखेच होते. म्हणजे जिथं लोक खपवून घेतात तिथं कंपनी खपवते. आपण कुठल्या रांगेत आहोत ते सांगायला नको.

स्टीमबद्दल चांगलंही लिहायला हवं. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी भारतात रुपयांत भाव लावले, आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी पोरांनी आयुष्यातला पहिला ओरिजिनल गेम तेव्हा घेतला. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. हा नियम डिस्कच्या दुकानातही नव्हता, माझ्याकडे तर नव्हताच. माझ्या भाच्यानं एका कन्सोलच्या स्टोअरवर चुकून भलतीच आवृत्ती घेतली, तेव्हा डाउनलोड सुरू झालंय या एका वाक्यावर त्याची बोळवण झाली. चार हजारांचा चुना. असं काही झालं की स्टीमची आठवण येते.

रुपयांतले हे भाव टिकतीलच असंही धरून चालू नका. तुर्कस्तान आणि अर्जेंटिनात नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमनं स्थानिक चलन बंद करून डॉलर लावला, तिथल्या पोरांचे गेम एका रात्रीत कितीतरी पटींनी महागले. तिथलं चलन कोसळत होतं हे एक कारण, आणि बाहेरच्या देशांतले लोक तिथलं खातं उघडून स्वस्तात माल उचलत होते हे दुसरं. म्हणून स्वस्त करा, स्वस्त करा असा नुसता घोष मला पसंत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला, आपल्या देवळा-वाड्यांच्या धर्तीवरचा आणि पोरांनी कौतुकानं खेळलेला. तसल्या छोट्या कंपनीच्या गेमचे भाव पाडून मला काय साधायचंय? ते आधीच कमी ठेवलेले असतात. माझी तक्रार पाच हजारांच्या गेमबद्दल आहे, आणि तीही तो पाच हजारांचा आहे म्हणून नव्हे.

महिन्याच्या वर्गणीचा तोडगा काही जण सुचवतात. एकदा पैसे भरा, शेकडो गेम खेळा. छान वाटतं. पण एक्सबॉक्स या दुसऱ्या कन्सोलच्या 'गेम पास' वर्गणीचा वरचा प्लॅन ऑक्टोबर २०२५ मध्ये ८२९ वरून १,३८९ रुपयांवर नेला. त्या भावानं वर्षाचे साडेसोळा हजार. भरायचं थांबलात की घरात काही उरत नाही.

पोरं यावर काय करतात ते आई-बापांनी वाचावं. टेलिग्रामवर 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' विकायला असतात. एकानं गेम घ्यायचा आणि आपल्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्याला अर्ध्या किमतीत द्यायचा. एक जण प्रायमरी, दुसरा सेकंडरी, गेम दोघांच्या मशिनवर चालतो. स्टोअरच्या नियमांत हे बसत नाही. खातं बंद झालं की सगळे गेम बुडाले, आणि पैसे घेऊन पासवर्ड बदलणारे भामटेही भरपूर. दर महिन्याला एखादा रडत दुकानात येतो आणि म्हणतो, "काका, काही करता येतं का?" मला काही करता येत नाही. पण हे चालतं कशावर? जुनी डिस्क निम्म्या भावात घेण्याचा सरळ व्यवहार बंद झाला, त्याच्यावर. पोरांनी तोच व्यवहार अंधारात मांडलाय, बिनापावतीचा.

कायद्यानं यात काही होईल का? फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेनं स्टीमवर खटला घातला होता. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं डाउनलोड केलेला गेमही विकता आला पाहिजे असा निकाल दिला, २०२२ मध्ये वरच्या न्यायालयानं तो फिरवला. तेव्हा तो रस्ता लांबचा. कॅलिफोर्नियानं त्यापेक्षा साधं काम केलं. जानेवारी २०२५ पासून तिथं लागू असलेल्या कायद्यानुसार, गिऱ्हाइकाला मालकी मिळत नसेल आणि नुसता परवाना मिळत असेल तर स्टोअरनं ते पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगायला हवं. स्टीम आता पैसे भरायच्या पानावर तसं लिहितं. हा इशारा कशासाठी, ते युबिसॉफ्ट कंपनीच्या 'द क्रू' या गेमनं दाखवून दिलं. २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेल्या सगळ्यांकडचा गेम बंद पडला. त्यात डिस्कवालेही आले, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. विकलेले गेम असे बंद पाडू नयेत म्हणून युरोपात जी सह्यांची मोहीम उभी राहिली, तिनं जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, २०२० चे ई-कॉमर्सचे नियम डिजिटल मालालाही लागू आहेत, आणि फसव्या बटणांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांच्या आधारे निदान दोन गोष्टी मागता येतील. परवाना देत असाल तर मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत तसं लिहा. आणि गेम एकदा तरी दुसऱ्या खात्यावर देता येऊ द्या, हवं तर त्यावर बनवणाऱ्याला आणि स्टोअरला त्यांचा हिस्सा घेऊ द्या. माझ्या जुन्या डिस्कवर त्यांना काहीच मिळत नव्हतं, इथं मिळेल. संगणकाला हे अवघड नाही. हे जमत नसेल तर जपानसारखा डाउनलोडचा भाव खाली आणा, आणि हजार येनावर थांबू नका. परत विकण्याची किंमत माझ्या काउंटरवर पाच हजारांतले तीन हजार होती.

ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घ्यावा अशी माझी विनंती आहे. पोरांचे खेळ म्हणून त्याकडे काणाडोळा होतो, पण एका घरातून वर्षाला वीस-पंचवीस हजार जातात तेव्हा तो ग्राहकाचाच प्रश्न असतो. जुन्या खरेदी-विक्रीच्या वह्या मी अजून टाकलेल्या नाहीत. कुणाला भाव कसे उतरत गेले ते बघायचं असेल तर दुकान सकाळी साडेदहाला उघडतं, सोमवारी बंद.

आपला नियमित वाचक,
एक दुकानदार, राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती. डिस्ट्रिब्युटरशी अजून देणंघेणं आहे.)